साबणावरचं पान

कर्जत-खालापूरकडे माणसं धबधब्याखाली भिजायला जातात, किल्ले चढायला जातात, नाहीतर शनिवारी कुणाच्या तरी फार्महाऊसवर कोंबडी भाजायला जातात. मी फॅटी ॲसिड बघायला गेले होते. परत आल्यावर शेजारणीनं विचारलं, "काय काय बघितलंस गं?" मी म्हटलं, "एक टाकी आणि एक कढई." तेव्हापासून ती माझ्याकडे जरा काळजीनंच बघते. तेव्हा तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या न गेलेल्यांसाठी हे नीट लिहून काढते आहे.

फॅटी ॲसिडला पुस्तकी मराठीत मेदाम्ल म्हणतात. साबणाच्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं, पण हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. सोपं सांगायचं तर तेलातला जो भाग कॉस्टिक सोड्याशी जुळून साबण होतो, तो सुटा काढला की झालं फॅटी ॲसिड. साबण, टायर, रंग, ग्रीस, तोंडाला लावायचं क्रीम, सगळ्यात ते असतं आणि कुठेच दिसत नाही. ते मिळवायचे रस्ते दोन. एक झाडाच्या बियांतून, दुसरा जमिनीखालच्या खनिज तेलातून. या दोघांची बाजारात चांगलीच जुंपली आहे, आणि त्या भांडणात आमच्या मालकांनी उडी घेतली.

आमचा कारखाना सांगलीला. मालक आप्पासाहेब कपड्यांचा साबण विकून मोठे झाले. भाद्रपदात त्यांची सून पुण्याहून एक अंगाचा साबण घेऊन आली. खरखरीत कागदात गुंडाळलेला, वर हिरवं पान, आणि किंमत अशी की आप्पासाहेबांनी तो आधी देवापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"मॅडम, आता आपण निसर्गाकडे जायचं."

"कुठं?"

"खालापूरला. तिकडे दोन पार्ट्या आहेत. दोघांचा माल बघून या. तुम्ही ज्याला हो म्हणाल त्याला ऑर्डर."

निवृत्ती तोंडावर आलेल्या बाईला निसर्गाकडे पाठवणं तसं रीतीला धरूनच होतं. मी परीक्षानळ्या, कॉस्टिक पोटॅशची बाटली आणि स्पिरिट साडीच्या घडीत गुंडाळून पिशवीत भरलं आणि निघाले.

शिळफाटा

खोपोलीच्या शिळफाट्यावर उतरले तेव्हा दसरा नुकताच झाला होता आणि ऊन असं होतं की डोक्यावरचा पदर तापत होता. नाकाच तो. घाट चढणारा, घाट उतरणारा आणि पालीच्या गणपतीला निघालेला, असे तिघे तिथं एकमेकांना कोपर मारत वडे खातात. मी चहा मागितला. आमच्या सांगलीत चहा म्हणजे बशीत सांडेल इतका; इथं इवल्याशा ग्लासात औषधासारखा दिला. मी लगेच दुसरा मागवला, तर दुकानदार मागच्याला म्हणाला, "बाई लांबून आल्यात रं, कडक टाक."

शेजारच्या किराणा दुकानापुढे दिव्याच्या तेलाच्या बाटल्यांची रास होती. नवरात्र संपलं म्हणून दोनावर एक फुकट. बाटलीवर तिळाचं फूल, समई, लक्ष्मीची पावलं; आत पाण्यासारखं नितळ तेल. धूर नाही, वास नाही, वात काळी पडत नाही. साबणाच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या बाईला ते कशाचं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. तिळाचा संबंध चित्रापुरता. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात खरं काय ते लिहिलेलंही असतं, पण देवाच्या तेलाची पाठ कोण वाचत बसतो? मी नाक मुरडलं आणि विसरून गेले. तिथंच थोडी जास्त अक्कल चालवली असती तर पुढचा ताप वाचला असता.

मला न्यायला टेंपो आला होता. चालवणारे इस्माईलभाई, मेंदी लावलेली दाढी, टेंपो इतका स्वच्छ की चप्पल काढून चढावंसं वाटावं. त्यांचे आजोबा श्रीवर्धनकडून सुकी मासळी विकत विकत इथं आले आणि राहिले. आता हे बिया, पिंपं आणि लग्नाच्या सीझनला वऱ्हाड वाहतात. गंमत म्हणजे मी ज्या दोन पार्ट्या बघायला आले होते, त्या दोघींचाही माल हेच नेतात.

"मग चांगला माल कुणाचा?" मी विचारलं.

"मला कुटं गुतवता मॅडम! सुमनवैनीचं पिंप वाहिलं तर बायको आंगोळ केल्याबिगर घरात घेत नाय. आन् कंपनीचं पिंप वाहिलं तर मला वाटतं, आयला, रिकामंच आणलं की काय. येवढासा पन वास नाय!"

मोहोपाडा

पहिली पार्टी रसायनीच्या पट्ट्यातली. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी मला जेवायला चांगलं घातलं. मोहोपाड्यात शिरताना मी सवयीनं मोहाचं झाड शोधलं. एक सापडलं, कुंपणाशेजारी. त्याला कुणीतरी स्कूटर टेकवली होती आणि फांदीवर कामगारांचे डबे टांगले होते.

कंपनीच्या गेटात मात्र जंगल होतं. भिंतीवर वेली रंगवलेल्या, आत काचेच्या खोलीत कृत्रिम धबधबा, कोपऱ्यात प्लॅस्टिकचे नेचे, आणि पाहुण्याला वाळ्याचं सरबत. त्या हिरवाईतून मार्केटिंगचे मॅनेजर देवधर प्रकट झाले. गोरेगोमटे, हसतमुख, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी माझ्या पुढ्यात एक बशी ठेवली. तिच्यात पांढरेशुभ्र पापुद्रे. मी हुंगले. काही नाही. बोटात चुरडून हुंगले, तरी काही नाही.

"हे कशापासून?" मी विचारलं.

"नेचर-आयडेंटिकल आहे, मॅडम."

"म्हणजे?"

"म्हणजे निसर्गानं केलं असतं तर अगदी असंच केलं असतं."

"मग त्यानं का नाही केलं?"

देवधर जराही डगमगले नाहीत. "त्याला कन्सिस्टन्सी जमत नाही. यंदा पाऊस लांबला, बी किडलं, झाडाला बहरच आला नाही. झाड मूडी असतं, मॅडम. आमची टाकी मूडी नसते."

ते सगळं खनिज मेणापासून करतात, हे त्यांनी दोन सरबतांनंतर कबूल केलं. पण माणूस उगाच बोलणारा नव्हता, हेही सांगायला हवं. "तुम्ही वनस्पतीजन्य म्हणून जे बाजारात घेता," ते म्हणाले, "ते बहुतेक परदेशातलं पाम असतं. तिकडे रान तोडायचं, इकडे कागदावर पान छापायचं. आमचं तेल जहाजानं येतं, त्यांचंही जहाजानंच येतं. फरक काय?" माझ्या स्वतःच्या कारखान्यात आजवर स्वस्त पडेल ते वापरलंय आणि आप्पासाहेबांनी त्या साबणाचं नाव ठेवलं 'गंगा'.

जेवायला कॅन्टीनमध्ये वालाची आमटी, भात आणि तळलेले बोंबील होते. वाढायला मदत म्हणून टाकीवरचा एक ऑपरेटर आला, पस्तिशीचा, निळ्या गणवेशात. देवधरांच्या पाठीमागून हळूच मला म्हणाला, "मॅडम, उद्या आमच्याकडं येताय ना? मी दत्ता. सुमनचा नवरा."

माझा घास हातातच राहिला. दुसरी पार्टी सुमन ठोंबरे, आणि तिचा नवरा पहिल्या पार्टीच्या टाकीवर कामाला!

"नवरा-बायको एकाच धंद्यात, समोरासमोर?" मी विचारलं.

"घरात आमी त्यावर बोलतच नाय," तो म्हणाला. "बोललो की जेवण खारट होतं."

वाडी

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी गेलो. गावाचंही नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की फार्महाऊसवाले पोचतात. तसे ते पोचलेच आहेत. रस्त्याला दोन्ही हातांना भात पिवळा होऊन वाकलेला, आणि दर वळणावर पाटी: अमुक व्हॅली, तमुक माउंटन व्ह्यू. डोंगर पाटीच्या मागे झाकलेला. आमच्याकडे रानात हळद आणि ऊस उभा असतो. इथं भाताच्या मधोमध एकदम निळा स्विमिंग पूल दिसतो आणि त्याच्या कडेनं बगळे आशेनं फिरत असतात.

सुमनची शेड म्हणजे पत्रा, एक घाणा, एक मोठी कढई आणि पिंपं. वाडीतल्या बायका करंजाच्या बिया वेचून, फोडून आणून देतात. घाण्यातून तेल निघतं. कढईत ते कॉस्टिकबरोबर शिजवून आधी साबण करायचा, मग आम्ल घालून तो फोडायचा, की फॅटी ॲसिड वर तरंगतं. रंग काकवीसारखा. आणि वास? अगं बाई! करंजाचा वास म्हणजे कडू, उग्र, जुन्या वैद्याच्या दुकानात बैल शिरावा तसा. मी पदर नाकाला लावला. सुमन हसली.

"चार दिसांनी येत नाय, मॅडम. नाकच हात टेकतं."

तिशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिनं मला तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर वाढली. आम्ही ज्वारीची खाणारी माणसं. तांदळाची भाकरी आमच्याकडे आजाऱ्याला देतात. पण ही भाकरी कापसासारखी होती, आणि जवळ्याच्या तिखटानं माझ्या कानांतून वाफा निघाल्या. मी तिसरी घेतली तेव्हा सुमनची सासू, पार्वतीआई, समाधानानं म्हणाली, "बाई जेवणारी हाय. खोटी नसेल."

जेवण झाल्यावर सुमननं जे सांगितलं त्यानं चटणीचं तिखट उतरलं. शेडची जागा तिच्या नवऱ्याच्या आणि दिराच्या नावावर. दीर पनवेलला असतो. एक फार्महाऊसवाला त्याच्या मागे लागलाय आणि दिरानं निक्षून सांगितलंय: दिवाळीपर्यंत या कढईला कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर शेड पाडायची.

"पाडली तर पाडली, पगार हाय दत्ताचा," ती म्हणाली. "पन मॅडम, ही माजी हाय. लग्नानंतर मी काय माजं म्हणावं असं येवढंच केलं. तुमी नाय म्हणालात तर संपलं."

असं कुणी तोंडावर सांगितलं की मला राग येतो. लोक आपलं अख्खं नशीब दुसऱ्याच्या पिशवीत टाकतात आणि मग आपण ती पिशवी घेऊन चालायचं. मी फटकन म्हटलं, "मी कुणाचं तोंड बघून हो म्हणत नाही. माल बोलेल."

परीक्षा

माल झाडाचा की जमिनीतला हे छातीठोक सांगणारी मोठी यंत्रं असतात. झाड आपले कार्बन जोडीजोडीनं ओवतं, खनिज मेणातून काढलेल्या मालात सम-विषम सगळे येतात. यंत्राला ते दिसतं. ते यंत्र आप्पासाहेबांनी घेतलेलं नाही. माझ्याकडे आहे ती जुनी परीक्षा. माल स्पिरिटातल्या कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवायचा, वर गरम पाणी ओतायचं. सगळ्याचा साबण झाला असेल तर पाणी नितळ. त्यात साबण न होणारं खनिज तेल मिसळलेलं असेल तर पाणी दुधासारखं. भेसळ पकडायला ही एवढीच पुरते.

अंगणात चूल, चुलीवर पाण्याचं पातेलं, त्यात माझ्या नळ्या. वाडीतल्या चार बायका जमल्या. दत्ताही शिफ्ट संपवून आला होता. पहिली नळी मी देवधरांच्या पापुद्र्यांची लावली, तुलनेसाठी. पाणी ओतलं. नितळ. चष्मा पुसून बघितलं तरी नितळ.

"आमची कंपनी पास!" दत्ताच्या तोंडून निसटलं, आणि बायकोकडे बघून त्यानं जीभ चावली.

पास होणारच. ही परीक्षा साबण होतो का एवढंच विचारते, जन्म कुठला ते विचारत नाही. मेणापासून केलेलं असलं तरी ते आता ॲसिडच होतं.

मग सुमनच्या ताज्या पिंपातला माल घेतला. करंजात साबण न होणारं थोडं मुळातच असतं, त्याचं जरा धुकं येतं, ते मी जमेस धरलं होतं. पण पाणी ओतलं आणि नळीत सरळ दूध झालं. जरा वेळानं वर तेलाचे थेंब तरंगायला लागले.

सुमनला परीक्षा माहीत नव्हती, पण माझं तोंड तिनं वाचलं.

"काय झालं, मॅडम?"

"खनिज तेल आहे यात," मी म्हटलं. "कुणी घातलं?"

"आमी? आईशप्पत नाय! कशाला घालू मी?"

"माल वाढवायला घालतात. सगळेच घालतात." मी भयंकर चिडले होते, आणि खरं सांगते, जास्त चिडले ते स्वतःवर. त्या तीन भाकऱ्यांनी मी मनात कधीच हो म्हणून टाकलं होतं. "मला वाटलं होतं, एक तरी जागा असेल!" असं काहीतरी नाटकी बोलले आणि पिशवी आवरायला घेतली.

जायचं तर इस्माईलभाईंच्या टेंपोचं मागचं चाक बसलेलं, आणि जादाचं चाक त्यांनी सकाळीच मेव्हण्याला दिलेलं. मेव्हणा खालापूरला. "उद्या सकाळी येतो बगा," ते म्हणाले, आणि मेव्हण्याला फोनवर तीन भाषांत बोलले. म्हणजे जिच्यावर मी भेसळीचा आरोप केला तिच्याच घरात मला राहायचं होतं. सुमननं मला नवीन चादर काढून दिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

देवाचं तेल

सकाळी मी शेडच्या दारात दात घासत उभी होते. पार्वतीआई आली, हातात झाकलेला तांब्या. तिच्या मागे आणखी दोघी म्हाताऱ्या, एकीकडे वाटी, एकीकडे पितळी गडू. तिघी चपला काढून आत गेल्या. शेडच्या कोपऱ्यात देवीचा टाक मांडला होता, त्याला नमस्कार केला. मग कढईजवळ आल्या आणि एकेकीनं आपलं भांडं हळूच तिच्यात उपडं केलं. तेल! पाण्यासारखं नितळ तेल.

माझ्या तोंडातली पेस्ट तशीच राहिली. "आई, हे काय करताय?"

"नवरातीचं तेल, बाय. दिव्यात उरलेलं."

"ते कढईत?"

"मग कुटं? देवाच्या दिव्याचं तेल पायाखाली टाकायचं नाय. पयलं आमी घाण्यात परत देत होतो. आता कढई हाय." तिनं कढईला हात लावून तो डोळ्यांना लावला. "आख्ख्या वाडीचं हिकडंच येतं. पुनवेपत्तुर ज्याची त्याची सवड."

मी चूळ न भरताच विचारलं, "आणि दिव्याचं तेल आणता कुठून?"

"शिळफाट्यावरनं. तिळाचं."

दोनावर एक फुकट.

मी तिथं त्या बाटल्यांच्या राशीपुढे उभं राहून नाक मुरडलं होतं. रीत जुनी, चांगली, कुणाच्या मनात पाप नाही. वाडीचे दिवे पूर्वी करंजाच्याच तेलाचे असायचे. उरलेलं तेल आपल्या घरी परत जायचं. मग वासाला आणि धुराला सगळे कंटाळले, नितळ बाटली आली, आणि रीत तशीच राहिली. या भाबड्या बायांनी दरवर्षी नवरात्र संपलं की हात जोडून कढईत खनिज तेल ओतलं. सुमनच्या लक्षात कसं आलं नाही, तर तिच्या लेखी ते तेल नव्हतंच, प्रसाद होता.

मी सुमनला हाका मारल्या. नवरात्राआधीचं बंद पिंप फोडायला लावलं. तोंड न धुता, केस न विंचरता मी परीक्षा लावली. पाणी ओतलं. करंजाचं जरासं धुकं, बस्स. आरपार माझी बोटं दिसत होती.

"हे बघ!" मी ओरडलेच. "अगं, तुझा माल खणखणीत आहे! माझं चुकलं. तुला नको ते बोलले."

सुमन कढईच्या कडेला टेकली आणि रडायला लागली. मलाही आवरेना. पार्वतीआईला वाटलं कुणी गेलं.

म्हातारीला सांगायचं कसं, हा पुढचा प्रश्न. सुमननंच तोंड उघडलं.

"आई, ते तेल नका टाकू हिकडं. ते तिळाचं नाय. जमिनीतलं हाय, पेट्रोलच्या घरातलं."

म्हातारीनं शांतपणे विचारलं, "मग जमिनीत देव नसतो काय गं?"

यावर मी, दत्ता, इस्माईलभाई आणि नुकताच चाक घेऊन आलेला मेव्हणा, सगळे सुमनकडे बघायला लागलो. ती म्हणाली, "असतो. पन आपल्या दिव्यात आपलं तेल नको का? ह्या दिवाळीला सगळ्या घरांना मी देते करंजाचं. मग उरलेलं खुशाल आणा परत."

"धूर व्हईल," एक म्हातारी कुरकुरली.

"होऊ दे," पार्वतीआई म्हणाली. "आदी होत नव्हता काय?"

सांगली

परत येऊन मी आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. देवधरांचा माल जमिनीतला, सुमनचा झाडाचा. माझं उत्तर सुमन. त्यांनी दोन्ही नमुने हुंगले. पापुद्रे हुंगून प्रसन्न झाले. काकवी हुंगून खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, याला तर केमिकलसारखा वास येतोय!"

"तो करंजाचा आहे. निसर्गाचा वास असाच असतो."

"मग दुसरा निसर्ग बघा की."

मी वाद घातला, आवाज चढवला, राजीनाम्याची भाषाही केली. आप्पासाहेब कुणाचं मन मोडत नाहीत, त्यांनी मधला मार्ग काढला. देवधरांशी फोनवर बोलले आणि दोघांनी मिळून निसर्गाची सोय लावली. माल देवधरांचाच यायचा. पण त्यांच्या भल्यामोठ्या टाकीत सुमनच्या करंजाची महिन्याला दोन पिंपं पडायची, म्हणजे वेष्टनावर खुशाल 'करंजयुक्त, निसर्गाच्या कुशीतून' असं छापता येतं. एवढ्या पसाऱ्यात वास कुठला लागायला!

सुमनच्या कढईत म्हाताऱ्यांनी वाटीभर खनिज तेल ओतलं तेव्हा मी त्याला भेसळ म्हटलं होतं. आता खनिजाच्या टाकीत सुमनची दोन पिंपं पडणार, तर त्याला आमच्या ऑफिसात 'व्हॅल्यू ॲडिशन' म्हणतात. त्या ऑर्डरवर सही माझी आहे. नाही म्हणाले असते तर ती दोन पिंपंही गेली असती.

पोपटी

थंडीत सुमनचं बोलावणं आलं, पोपटी खायला या म्हणून. वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात ठासून भरायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि वर पालापाचोळा पेटवायचा. आमच्याकडे हुरड्याचा जो थाट, तो इथं पोपटीचा. दिवस मावळता मावळता आम्ही शेकोटीभोवती बसलो. इस्माईलभाईंनी मीठ लावलेली कोंबडी आणली होती, ती मडक्यात घालायची की नाही यावर दत्ताशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि कोंबडी आत गेली.

शेड उभी होती. पूर्वी कायमचं गिऱ्हाईक मिळेल या आशेवर कढई आठवड्याला पेटायची, आता दोन पिंपांपुरती महिन्याला पेटते. दिरानं पुढच्या दिवाळीपर्यंतची सवड दिली आहे. फार्महाऊसवाला मधूनमधून गाडी थांबवून शेडकडे बघतो आणि जातो.

"काय कमी नाय," सुमन म्हणाली. "पेटती हाय ना."

मी पिशवीतून नवीन साबण काढून तिला दिला. खरखरीत कागद, वर हिरवं पान. तिनं तो हुंगला, पुन्हा हुंगला.

"झ्याक हाय. मोगऱ्याचा वास हाय?"

"मोगऱ्यासारखा."

"मग ह्यात आमचं काय हाय?"

हिशेब मला तोंडपाठ होता. पण तिच्या तोंडाकडे बघून सांगवेना. "वरचं पान," मी म्हटलं. "ते तुमचं करंजाचं."

सुमननं कागद शेकोटीच्या उजेडात धरला आणि सासूच्या हातात दिला. पार्वतीआईनं डोळे बारीक करून बघितलं, लांब धरून बघितलं.

"पिंपळाचं हाय गं हे," ती म्हणाली.

दत्ता शेंगा सोलत राहिला. मला शेकोटीत उडी घ्यावीशी वाटली. म्हातारीनंच माझी कीव केली असावी. "आसू दे. पिंपळ कुटं वंगाळ हाय? देवापाशी ठेव."

सुमन उठली आणि शेडमधल्या देवीच्या टाकापुढे तो साबण ठेवून आली. तिथं समई जळत होती, सुमनच्याच तेलाची. धुरानं पत्र्याला काळा डाग पडला होता. जेवणं झाल्यावर निघताना मी नमस्काराला आत गेले, तेव्हा वाकून तो साबण उचलून हुंगला. मोगरा कुठल्या कुठे गेला होता आणि साबणाला चक्क करंजाचा वास येत होता.